दहा मोजेपर्यंत

११ जानेवारी

प्रिय बारक्या,

माझं अक्षर बघून आधी तुला वाटलं असेल, बाबा गेले की काय. गेले नाहीत. ठणठणीत आहेत, फक्त कान पार गेले. पाठीमागे पत्र्याचा डबा आपटला तरी वळून बघत नाहीत. पण रोज सकाळी माझ्या आधी कामाच्या खोलीत हजर, आणि माझ्या कामात खोड काढायला मोकळे.

नऊ वर्षांत मी तुला तीन पत्रं लिहिली. तिन्हींत 'कसा आहेस, आम्ही बरे आहोत' यापलीकडे काही नव्हतं. तू एकाचंही उत्तर दिलं नाहीस, आणि खरं सांगू, उत्तर देण्यासारखं त्यात होतंच काय? हे चौथं तसं नाही. आधी कुठेतरी बस. तू लिफ्टदुरुस्तीचं काम करतोस म्हणे, तिथल्या मशीनखोलीत उभ्याउभ्या वाचू नकोस.

तुझी गिटार परत आली आहे.

मागच्या आठवड्यात जुन्या सामानवाला आला होता. तोच, ज्याला तू मिशीकाका म्हणायचास. मिशी पांढरी झाली, बडबड तेवढीच आहे. चादरीत बांधून पाच मोडक्या गिटारी आणल्या आणि म्हणाला, "बघा बाई, जगवता आल्या तर जगवा, नाहीतर शेकोटीला घ्या." पहिलीची मान वेगळी झालेली. दुसरीच्या पोटात उंदरांनी संसार थाटलेला. तिसरीला कुठल्यातरी दीडशहाण्याने भिंतीचा रंग फासलेला. चौथी त्यातल्या त्यात बरी. पाचवी चादरीतून ओढली आणि माझा हात तिथेच थांबला.

आवाजाच्या भोकाभोवतीची तुझी नक्षी. बहात्तर तुकडे, त्यातला एक उलटा बसलेला. बाबांनी तेव्हा चष्म्यावरून बघितलं होतं आणि म्हणाले होते, "राहू दे. हरवली तर ओळखायला बरी." तो उलटा तुकडा बोटाखाली आला आणि मी मिशीकाकांना न विचारताच पाचही ठेवून घेतल्या. ते बिचारे अजून उंदरांबद्दल माफी मागत होते.

अवस्था लिहिते. पाठीला दोन लांब भेगा. एक सांधलेली, एक उघडी. मान थोडी पुढे झुकली आहे. खुंट्या बदलल्यात, तीन एका जातीच्या, तीन दुसऱ्या. तारा जिला बांधायच्या ती घोडी कोणीतरी दोन पितळी बोल्ट मारून बसवली आहे, आणि तेही धड नाही. एक बोल्ट जागेवर, दुसरा चांगला बोटभर सरकलेला. भोक पाडताना झोपला होता की काय मेला, कोण जाणे. तुझ्या त्या सुंदर घोडीकडे बघवत नाही.

भर दुपारी पडदे ओढले आणि बारका बल्ब वायरने आत सोडला. काय सांगू तुला! अख्खी वरची फळी आतून उजळली. लाकडाची रेघ न् रेघ दिसायला लागली, उन्हासमोर तळहात धरल्यावर बोटांच्या कडा दिसतात तशी. किती पातळ तासली होतीस रे. इतकी वर्षं मी हेच काम करते, रोज दोन-चार गिटारींच्या पोटात डोकावते, पण ही बघून मी मागे सरकले. हात लावायची भीती वाटली.

मग दातांच्या डॉक्टरांचा आरसा घेऊन आत बघितलं. आपल्या घरचा नियम आहे ना, जो उघडेल त्याने आत पेन्सिलीने लिहायचं, काय केलं आणि कधी केलं. मला वाटायचं ही आपल्याच घरची खोड. पाठीच्या आतल्या अंगाला तुझं 'पहिली' आणि तारीख आहे. त्याच्या खाली दुसरं अक्षर, 'भेग सांधली. मुलीला शिकायची आहे.' त्याच्या बाजूला तिसरं, भलत्याच लिपीत, मला एक अक्षर कळत नाही. शेवटी एक होडी काढली आहे, इवलीशी, शिडासकट. ही माणसं कोण, कुठली, देव जाणे. एकमेकांना ओळखत नाहीत, तुला ओळखत नाहीत. आणि एकेकाने ती हातात घेतली, होती तेवढ्या अकलेने जगवली आणि पुढे दिली. मी आरसा धरून बसूनच राहिले. बाबा येऊन बघून गेले, बहुतेक मला चक्कर आली असं त्यांना वाटलं.

त्यांना मी सांगितलेलं नाही. गिऱ्हाइकाची आहे म्हटलं. चिकटवायचा सरस मात्र अजून तेच शिजवतात बरं का. हात थरथरतात, निम्मा सांडतो, पण भांड्याला मला हात लावू देत नाहीत. म्हातारपणाचा हेका, दुसरं काय.

आता सांग, काय करू? बोल्ट काढून घोडी नीट चिकटवू का? तुझी गिटार आहे, म्हणून विचारते.

तुझी,
ताई


२ फेब्रुवारी

बारक्या,

कार्ड मिळालं. नऊ वर्षांनी लिहिलंस आणि काय लिहिलंस! "विकून टाक. मी विकताना पेटीसुद्धा उघडली नव्हती. बाबांनी भरल्या सभागृहात सांगितलं होतं ना, याने पुन्हा लाकडाला हात लावू नये म्हणून? नाही लावला."

विकणार नाही. काय करायचं ते कर.

तू बाबांवर चिडला आहेस ते समजतं. कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी तिसऱ्या रांगेत होते. सगळं शहर लोटलं होतं त्या वादक बाईंना ऐकायला, आणि त्यांनी तुझी गिटार वाजवायला घेतली, चोवीस वर्षांच्या पोराची पहिली गिटार! पहिलं गाणं संपलं तेव्हा माझ्या शेजारचा माणूस टाळी वाजवायचीच विसरला होता. असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर तो फटाक्यासारखा आवाज आला. घोडी सुटून उडाली, तार त्यांच्या गालाला लागली. ओरखडाच होता, त्या हसल्यासुद्धा. पण बाबा पहिल्या रांगेतून उठले आणि म्हणाले ते म्हणाले. "याच्या हाताला धीर नाही." त्यांना हळू बोलणं कधी जमलंच नाही. तू गिटार कामाच्या खोलीत नेऊन टाकलीस, मित्राकडे गेलास, दुसऱ्या दिवशी दुपारी ती पेटीत घालून निघालास तो निघालासच. मी दारात होते. तू मला म्हणालास, "ताई, मी वीस वेळा तपासलं होतं गं." मी काय म्हणाले आठवतं का? मी काही म्हणाले नाही.

असो. कामाचं लिहिते.

पाठीची उघडी भेग भरली. जुन्या खोक्याच्या लाकडाची काडी तासून आत बसवली, आता नखालाही लागत नाही. मान वाफेने सैल करून काढली. तुझा सांधा बघितला. आत, जिथे कोणी कधीच बघणार नाही, तिथे तू कडा घासून गुळगुळीत केल्या आहेस. कशाला? कोणासाठी? माझ्या हाताखालून शेकडो गिटारी गेल्या, मोठ्या मोठ्या कारागिरांच्या, पण न दिसणाऱ्या जागी इतकं प्रेम मी फार थोड्यांत बघितलं. हे करणाऱ्या हाताला धीर नाही म्हणतात!

बाबांचं एक सांगते. कान गेल्यापासून ते गिटार जबड्याने ऐकतात. आधी मला हसू यायचं. तार छेडायची आणि लाकडाच्या कडेवर हनुवटी टेकवायची, डोळे मिटून. हाडातून ऐकू येतं म्हणतात. आणि चुकत नाहीत! आत कुठली पट्टी सुटली आहे ते बोट ठेवून सांगतात. परवा मी पाणी आणायला गेले आणि परत येऊन बघते तर तुझ्या गिटारीवर हनुवटी. तारा नाहीत, मान नाही, नुसतं खोकं. बोटाने टकटक करतात आणि ऐकतात. मी लिहून विचारलं, काय बघता? त्यांच्याशी बोलायचं तर आता फळीच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहावं लागतं, मग रंधा मारला की फळी पुन्हा कोरी. म्हणाले, "बरी आहे. कोणाची?" गिऱ्हाइकाची, मी लिहिलं. "हं," म्हणाले आणि पुन्हा हनुवटी टेकवली.

घोडीला अजून हात लावलेला नाही. मला एक गोष्ट तुला सांगायची आहे, तू घोडी चिकटवलीस त्या सकाळची. आज नको. हात दुखतो लिहून.

ताई


१९ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं उत्तर आलं नाही, तरी लिहिते. हे पत्र मी चारदा फाडलं आहे. आता पाचव्यांदा फाडणार नाही.

बोल्ट काढायला घेतले. आतून हात घालून नट सोडवले तर एक पातळ लाकडी पट्टी टपकन माझ्या हातात पडली. घोडीच्या खाली, फळीच्या आतल्या अंगाला, कोणीतरी आधारासाठी ठेवलेली. मला नवल वाटलं, कारण ती चिकटवलेलीच नव्हती. कुठलाही कारागीर अशी पट्टी चिकटवतो. ही नुसती नटांनी दाबून ठेवली होती, झाकण ठेवावं तशी. मनात म्हटलं, हाही झोपाळूच. मग बल्ब सोडला, आरसा धरला.

पट्टीखाली अक्षरं होती. बाबांची.

मी जसंच्या तसं उतरवते. "घोडी सुटली ती सरसामुळे. सरस उकळलेला होता. मुलाचा हात पक्का आहे. सगळ्यांसमोर मी चुकीचं बोललो." खाली तारीख, कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवसाची.

तू मित्राकडे होतास त्या सकाळी लिहिलं त्यांनी. गिटार उताणी धरून, आत हात घालून, आरशात बघत. तुझ्याशी तोंडाने बोलता आलं नाही या माणसाला. त्यांनी तुझ्यासाठी ते अशा जागी लिहिलं जिथे ते फक्त तुला दिसणार, कारण घोडी पुन्हा बसवायची तर तिथे आरसा धरावाच लागतो. तू वादक नाहीस, कारागीर आहेस. उघडल्याशिवाय राहणार नाहीस, असं धरून चालले. आणि तू पेटीसुद्धा न उघडता विकलीस. तुझ्या कार्डावरचं ते वाक्य मला तेव्हा नुसतं झोंबलं होतं. आता ते कार्ड मी पालथं घालून ठेवलं आहे.

आणि तो सरकलेला बोल्ट! ज्याला मी झोपाळू म्हटलं. नीट बघितलं तर दुसरं भोक जिथे पडायला हवं होतं तिथे 'पक्का' हा शब्द आहे. त्या माणसाला आपली लिपी येत होती की नाही कोण जाणे. बहुधा नसावी, त्या होडीवाल्याचंच काम वाटतं. पण कोणीतरी कोणासाठी तरी लिहिलंय एवढं त्याला कळलं. म्हणून त्याने भोक बोटभर सरकवलं, आपलं काम वाकडं दिसू दिलं, आणि पट्टीला सरस लावला नाही, अक्षरं खराब होतील म्हणून. असली माणसं असतात, बारक्या. मी त्याला मेला म्हटलं. त्याच्या पाया पडावंसं वाटतंय.

आता माझं.

सरस मी उकळला होता.

तू घोडी चिकटवलीस त्या सकाळी भांडं माझ्याकडे होतं. आदल्या दिवशी मी बाबांना म्हटलं होतं, मलाही एक गिटार करू द्या, पहिल्यापासून, माझी स्वतःची. ते म्हणाले, "तू सरस बघ." बस. तुला चोविसाव्या वर्षी गिटार, मला बत्तिसाव्या वर्षी सरसाचं भांडं. मी मागच्या गल्लीत जाऊन धुसफुसत उभी राहिले. मुद्दाम केलं नाही, शपथ घेऊन सांगते. पण भांड्याकडे बघितलंही नाही. परत आले तेव्हा बुडबुडे येत होते.

उकळला की त्याची पकड जाते, टाकून द्यायचा. हा नियम आपल्याला चालता येण्याआधीपासून माहीत आहे. पण नवा भिजवायचा म्हणजे दुपार जाणार, बाबा विचारणार, आणि तू तर घोडी हातात घेऊन उभा होतास. मी गार पाणी ओतलं, ढवळलं. तुला सर्दी झाली होती, वास आला नाही. तू ब्रश फिरवलास, घोडी ठेवलीस, शिकंजा आवळलास, आणि आपल्या रिवाजाप्रमाणे मी दहापर्यंत मोजलं. तेवढ्यात कोणी बोलायचं नसतं ना. मी बोलले नाही. त्या दहा आकड्यांत कधीही तोंड उघडता आलं असतं, "थांब, काढ" म्हणता आलं असतं. चारवर माझा आवाज अडखळला होता, तू माझ्याकडे बघून हसलास. मी पाच म्हटलं.

मग नऊ वर्षं मूग गिळून बसले. तू गेलास, तुझी जागा मला मिळाली. तुझा रंधा मी वापरते. दारावर बाबांच्या नावाखाली माझं नाव आहे. मला हवं होतं ते सगळं मिळालं रे, आणि एक दिवस गोड लागलं नाही.

पट्टी सापडल्यावर मी गिटार उचलली, बाबांच्या पुढ्यात ठेवली आणि फळीवर लिहिलं: 'ही बारक्याची आहे. सरस मी उकळला होता.'

त्यांनी चष्मा लावला, वाचलं. म्हणाले, "माहीत आहे."

कधीपासून, मी हातानेच विचारलं.

"दुसऱ्या दिवशी. घोडीच्या तळाला नख लावलं, भुकटी झाली. चांगला सरस असा सुटत नाही. भांडं तुझ्याकडे होतं."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवसापासून त्यांनी मला भांड्याला हात लावू दिलेला नाही. नऊ वर्षं! मी हेका म्हणत होते. एक शब्द बोलले नाहीत, माझं नाव कुठे लिहिलं नाही, आतसुद्धा नाही. नुसतं भांडं काढून घेतलं.

मी खडसावून लिहिलं, अक्षरं फळीत रुतली: 'मग त्याला का नाही सांगितलं?'

ते माझ्याकडे असे बघायला लागले जसं मीच काही वेड्यासारखं विचारतेय. "सांगितलं की. आत लिहिलंय. त्याने वाचलं असेल. वाचूनही आला नाही, म्हणजे माफ केलं नाही. त्याचा हक्क आहे."

बारक्या, ऐकतोस ना? ते नऊ वर्षं तुझ्या उत्तराची वाट बघतायत. तू न वाचलेल्या पत्राच्या उत्तराची.

मी लिहिलं: 'त्याने कधी उघडलीच नाही.' त्यांनी ते दोनदा वाचलं. त्यांचा हात गिटारीवर होता, तो हळूहळू सगळीकडे फिरायला लागला, भेगा, कडा, तुझा तो उलटा तुकडा. मग त्यांनी रंधा उचलला आणि माझ्या कबुलीवरून एकच हात मारला. सरळ, न थरथरता. ढलपी गोल गुंडाळून खाली पडली. फळी कोरी झाली आणि ते म्हणाले, "त्याला लिही. तुझं तू लिही."

ती ढलपी पाकिटात ठेवली आहे. हळू उलगड, तुटेल. अजून वाचता येते.

मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही. तू ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. घोडी मी चिकटवणार नाही, ती तुझी आहे.

ताई


७ मार्च

बारक्या,

काल फोन ठेवलास त्यानंतर काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

तू म्हणालास, "ताई, तुझ्याशी नंतर. आधी बाबांना दे." एवढंच. तुझा आवाज जाड झालाय. मी म्हटलं, अरे त्यांना ऐकू येत नाही. तू म्हणालास, "दे गं." बाबा खिडकीपाशी खुंट्या पुसत होते. मी फळीवर 'बारक्या' लिहून फोन दाखवला. त्यांनी फोन कानाला लावला, सवयीने, आणि लगेच खाली घेतला. चेहरा असा झाला की मला बघवेना.

मग तेच उठले. तुझी गिटार बाकावर होती, अजून घोडीवाचून. त्यांनी फोन तिच्या वरच्या फळीवर पालथा दाबून धरला, घोडीच्या रिकाम्या जागी, आणि कडेवर हनुवटी टेकवली. डोळे मिटले. मला खूण केली, बोल म्हणावं त्याला.

तू काय बोललास मी ऐकलं नाही. लाकडातून नुसती गुणगुण येत होती. मी बाकाला हात लावला तर बाकसुद्धा जरासा थरथरत होता. तू तासलेली ती पातळ फळी, इतक्या जणांनी सांधलेली, तिच्यातून तुझा आवाज त्यांच्या हाडात जात होता आणि मी तिथे उभी राहून बघत होते. असं काही माझ्या डोळ्यांना दिसेल असं मला कधी वाटलं नव्हतं. रडले, लपवत नाही.

तू थांबलास तेव्हा त्यांनी डोळे उघडले. काय म्हणाला, मी लिहून विचारलं.

"शब्द नाही कळले," म्हणाले. "पण तोच आहे. गुदगुल्या झाल्या." आणि हसले. मग फोनमध्ये एवढ्या जोरात ओरडले की तुला कानठळ्या बसल्या असतील. "ये! उघड! वाच!" त्यांना हळू बोलणं अजूनही जमत नाही.

तू बाविसला येतोस म्हणालास. खोली झाडून ठेवली आहे. तुझा रंधा पाजळून ठेवला आहे. माझ्याशी 'नंतर' म्हणालास, ते नंतर कधी, हे मी विचारणार नाही. घोडी बसवायच्या वेळी मी बाहेर थांबेन. सरस बाबा करतील, तू चिकटव. दहा कोणी मोजायचे ते तुमचं तुम्ही ठरवा.

ताई


२३ मार्च
गिटारीच्या आत, घोडीच्या खाली, पेन्सिलीने

पुढे कधी जो उघडेल त्याला,

वरची चार वाक्यं माझ्या बाबांची आहेत. मी ती काल वाचली. तिथे भोक पाडू नका. आधीच्या एकाने पाडलं नाही, त्याचे उपकार आहेत.

बोल्ट काढले. जागेवरचं भोक बुजवलं, सरकलेलं तसंच ठेवलं आहे.

घोडी मी चिकटवली. दहा बाबांनी मोजले, मोठ्याने. मीही मनात मोजत होतो, चारवर अडखळलो; ते थांबले नाहीत.

सरस ताईने केला. तिला मी बाहेरून बोलावून आणलं.